कुत्र्याला ‘अहो’ म्हणणारे दिगंबरराव

दिगंबरराव खुर्चीत पाठ टेकून बसलेत, असं मी ऑफिसात कधी पाहिलं नाही. बसले तरी कडेला टेकायचे, तेही एक पाय पुढं काढून. जेवायचे उभ्यानं. जेवण तरी कसलं, शर्टाच्या खिशात भाजके शेंगदाणे भरलेले असायचे, ते चालता चालता तोंडात टाकायचे. कुणी म्हटलं, राव, बसा की घटकाभर, तर म्हणायचे, बसून काय होणार हाय? आणि निघाले पुन्हा चक्कर मारायला. त्यांच्या चपलांच्या फटफट आवाजानं माझं डोकं उठायचं. मी टायपिस्ट, माझं काम एका जागी बसून करायचं. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. जुन्या जिल्ह्याच्या ऑफिसातनं आम्हाला उचलून इकडं टाकलं. दिगंबरराव मूळचे कंधारचे, पण नोकरी सगळी इकडच्याच भागात झालेली. ते अव्वल कारकून, म्हणजे आम्हा सगळ्या कारकुनांच्या वरचे. ऑफिस म्हणजे भाड्यानं घेतलेलं सरकीचं गोदाम. कपाटं आली ती किल्ल्यांशिवाय. टेबलं आधी आली आणि खुर्च्या मागून, त्यामुळं पहिले काही दिवस आम्ही सगळेच उभे होतो. दिगंबररावांना तेवढे दिवस बरे गेले असतील.

वर दुष्काळ. दिवसभर ऑफिसात बसून टँकरची पत्रं टाईप करायची आणि घरी जाऊन टँकरची वाट बघायची, असा माझा दिनक्रम. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. त्यामुळं घरात कुणाचंच कशात लक्ष नसायचं, कान सारखे रस्त्याकडं. भाजी फोडणीला टाकावी आणि हॉर्न वाजावा. झोपावं म्हटलं की हॉर्न वाजल्याचा भास व्हावा. त्या वर्षी सगळं गावच बेजार होतं आणि ज्याच्या त्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग होता.

दिगंबररावांचं काम चुका काढायचं आणि ते काम त्यांना मनापासून आवडायचं. मसुदा हातात आला की चष्मा कपाळावर, कानावरची पेन्सिल हातात, आणि डोळे सरळ जाऊन चुकीवरच पडायचे. अख्ख्या पानात एक वेलांटी चुकलेली असली तरी ती त्यांना दारातनं दिसायची. पानभर मजकूर बरोबर असला तर त्याबद्दल अवाक्षर नाही. मी एकदा वैतागून विचारलंच की राव, बाकीचं पान बरं हाय का? तर मलाच उलट म्हणाले, बरं हाय म्हणून तर बोललो न्हाई ना.

आम्ही दोघं सरकारी कॉलनीत शेजारी राहायचो, भिंतीला भिंत लागून. त्यांना मूलबाळ नव्हतं. वच्छलावहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, स्वभावानं इतक्या गरीब की घरात माणूस आहे हे भांड्यांच्या आवाजावरनं कळायचं. ते ऑफिसला गेल्यावर मात्र भिंतीपाशी येऊन माझ्या सासूबाईंशी तासन्‌तास बोलायच्या. संध्याकाळी ते परत आले की बोलणं अर्ध्यावर टाकून आत पळायच्या.

त्यांना मिळालेल्या क्वार्टरमध्ये आधी एक इंजिनिअर साहेब राहायचे. साहेबांची बदली झाली, सामान ट्रकात भरून ते गेले आणि मागच्या अंगणात नळाला साखळीनं बांधलेलं कुत्रं तसंच मागं राहिलं. अर्धं अल्सेशियन, अर्धं गावठी. नाव टायगर, पण अंगावर नुसत्या बरगड्या. घराचा ताबा घेताना दिगंबररावांनी पंखे, तोट्या, खिडक्यांच्या काचा सगळं मोजून घेतलं होतं. कुत्र्याचं कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि ते दात विचकून उभं.

आता खरी गंमत. साहेबांच्या घरचं कुत्रं, त्यामुळं दिगंबररावांच्या तोंडून त्याला ‘अरे’ निघेना. अहो टायगर, सरका. अहो, गप्प बसा जरा. अख्खी कॉलनी हसायला लागली. मी विचारलं, राव, कुत्र्याला अहो कामून? तर ओशाळून म्हणाले, "सवय हाय ओ बाई. साहेबाच्या दारातनं जो कुणी भाईर यायचा त्याला आपण अहोच म्हणत आलो."

पण कुत्रं बेकार होतं. एरवी कोपऱ्यात पडून राहायचं, पण घागर वाजली की अंगात आल्यासारखं करायचं. साहेबांकडचा गडी, ते पाण्यापाशी आलं की रिकामी घागर फेकून हाणायचा, असं बायकांनी सांगितलं. आणि त्या वर्षी कॉलनीत दुसरं वाजत काय होतं? घागर, बादली, डबा, हेच. एकदा टँकरच्या वेळेला साखळी तुटली आणि ते धावत जाऊन काशिनाथअप्पांच्या पोटरीला चावलं.

काशिनाथअप्पांचं कॉलनीच्या तोंडाशी किराणा दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, देवभोळा माणूस, पण आवाज असा की ‘या, बसा’ म्हटलं तरी गिऱ्हाईक दचकायचं. ते दवाखान्यात पोटात सुया टोचून घेऊन आले आणि सरळ दिगंबररावांच्या दारात उभे राहिले. त्या दिवसांत मोकाट कुत्र्यांना विष घातलेलं खायला टाकणारे लोक गावात फिरत होते. काशिनाथअप्पा म्हणाले, त्यांना बोलावतो, आजच निकाल लावा. चार माणसं मध्ये पडली. शेवटी पोळ्यापर्यंतची मुदत ठरली. पोळ्याच्या दिवशी टँकर आला की कुत्र्याला सगळ्यांसमोर आणून उभं करायचं. शांत राहिलं तर राहू द्यायचं, कुणावर धावलं तर त्या लोकांच्या ताब्यात द्यायचं. दिगंबररावांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले बिचारे, देऊन टाकतील. पण गडी हट्टाला पेटला. माझ्या ताब्यात आलंय ते, म्हणाले, असं कसं देऊ?

सुरुवातीला त्यांनी कुत्र्यालाही ऑफिसच्याच पद्धतीनं वागवलं. चूक झाली की बोलायचं. अहो, हे काय केलंत? अहो, शोभतं का हे? कुत्रं आणखी गुरगुरायचं. पण ‘अहो’ म्हणून लाथ घालता येत नाही, ही त्यात अडचण झाली. एकदा पाय उचलला होता त्यांनी, मी बघितला. तोंडातून ‘अहो’ निघालं आणि पाय तसाच हवेत राहिला. मग कुणीतरी सांगितलं, मारू नका, खायला देऊन शिकवा. ते त्यांना पटलं, पण त्यातही कारकून आडवा आला. कुत्रं दिवसभर कसं वागलं ते बघायचं आणि संध्याकाळी घरी आल्यावर हिशेबानं भाकरी वाढायची. दिवस बरा गेला असला तर अर्धी जास्त. मी हसून हसून बेजार झाले. अहो राव, म्हटलं, त्याला काय पगार देऊन राहिलात का? त्याला काय ठाऊक सकाळी काय केलं म्हणून आता भाकरी वाढली?

त्यावर ते चिडले, माझ्या टायपिंगबद्दल दोन शब्द बोलले आणि आत गेले. पण डोक्यात किडा शिरला असणार.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या हातातनं तांब्या पडला. टण्‌कन आवाज झाला, कुत्रं ताठ झालं आणि नेमकं तेव्हाच दिगंबररावांच्या हातातले शेंगदाणे अंगणात सांडले. कुत्र्यानं तांब्याकडं बघितलं, शेंगदाण्यांकडं बघितलं आणि शेंगदाणे खायला लागलं. दिगंबरराव तिथंच उभे राहून बघत होते. मग त्यांनी स्वतःच तांब्या उचलून हळूच आपटला आणि एक दाणा टाकला. पुन्हा आपटला, पुन्हा टाकला. त्या दिवशी ऑफिसला उशिरा आले. जन्मात पहिल्यांदा.

मग ते येडच लागलं त्यांना. आधी तांब्या, मग बादली, मग घागर. आधी अंगणाच्या पार टोकाला वाजवायची, हळू, मग जरा जवळ. वाजली की लगेच दाणा आणि लगेच ‘शाबास’. उशीर नाही. आणि घाईही नाही, हे त्यांना लई जड गेलं. एका दिवशी चार पावलं जवळ जायची घाई केली की कुत्रं पुन्हा गुरगुरायचं आणि सगळं पहिल्यापासून. तेव्हा ते स्वतःवरच चरफडत अंगणात चकरा मारायचे, आणि चकरा मारल्या की कुत्रं आणखीच बिथरायचं. शेवटी काय करावं तर त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरायचे आणि जागच्या जागी उभं राहायचं. कपाळाची शीर उडायची, पण उभे राहायचे.

पुढं कॉलनीतल्या बायकांना कामाला लावलं. पाण्याला जाताना प्रत्येकीनं फाटकापाशी घागर हळूच टेकवायची, दाणा टाकायचा आणि ‘शाबास’ म्हणायचं. आधी सगळ्या नाकं मुरडत आल्या, मग त्यांना त्याची गोडीच लागली. आणि काय सांगू, एकेकीचा स्वभाव त्या फाटकापाशी कळायला लागला. कुणी दाणा दाखवून हात मागं घ्यायची. कुणी लांबनं फेकून पळायची. मी स्वतः ‘शाबास’ म्हणायचे ते, संपव एकदाचं, अशा सुरात, आणि कुत्रं माझ्याकडं ढुंकून बघायचं नाही. मला अपमान वाटला. कुत्र्यानं केलेला अपमान सांगायचा कुणाला?

काशिनाथअप्पांना तर दिगंबरराव हात जोडून घेऊन आले. म्हणाले, तुम्हालाच चावलंय, तुमच्याच हातनं खायला पायजे. अप्पा लांब उभे राहिले, दाणा धरला आणि गरजले, शाबास! कुत्रं नळामागं जाऊन बसलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अप्पांचा चेहरा उतरला. म्हणाले, आता देवानं आवाजच असा दिलाय, मी काय करू, घरची लेकरंबी अशीच आत पळतात. हे त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग हसणारं कुणी उरलं नाही. दिगंबरराव एवढंच म्हणाले, "माझाबी आवाज असाच हाय, अप्पा. खाली बसून बोलून बगा." अप्पा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि पुटपुटले. कुत्रं आलं. अप्पांच्या हातावरचा दाणा गेला आणि ते कितीतरी वेळ तळहाताकडंच बघत राहिले.

ऑफिसातही परिणाम दिसायला लागला, पण भलताच. एके दिवशी मी लांबलचक पत्र टाईप करून दिलं. दिगंबररावांनी ते वाचलं, पेन्सिल कानावर परत ठेवली आणि तीन शेंगदाणे माझ्या टाईपरायटरवर ठेवले. माझं माथंच भडकलं. म्हटलं, राव, मी काय कुत्रं हाय का? ते इतके गडबडले की चष्माच पडला. न्हाई ओ बाई, हात गेला, हात गेला, असं म्हणत पळाले. दाणे मी खाल्ले. आणि दुसऱ्या दिवशी पत्र टाईप करताना मी जरा जास्तच जपून करून राहिले होते, हे माझ्याच लक्षात आलं. आपल्याला कुणी कधी बरं म्हटलं नव्हतं, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मात्र घरात? भिंतीपलीकडनं मला सगळं ऐकू यायचं. अहो टायगर, बसा. वा! शाबास! आणि त्याच दमात, ए, पाणी आण की, किती येळ? हे मीठ हाय का काय हाय? सोमवारी न्हाई, मंगळवारी आला होता टँकर, नीट सांगता येत न्हाई तर बोलू नको. वहिनींच्या बाजूनं नुसती भांडी वाजायची. कुत्र्याला अहो आणि बायकोला ए. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. सासूबाईंनी हात धरला नसता तर मी भिंतीवरनं चार शब्द सुनावलेच असते.

पोळा आला. त्या वर्षी पोळा कसला, अर्धे बैल चाऱ्याच्या छावणीत. दुपारी टँकर आला तशी सगळी कॉलनी रस्त्यावर. घागरींचा नुसता कल्लोळ. दिगंबरराव कुत्र्याला घेऊन आले आणि काशिनाथअप्पांच्या दुकानाच्या भिंतीपाशी उभे राहिले. साखळी ढिली. पंचवीस घागरी एकदम खणाणल्या असतील, पण कुत्रं बसलेलं. कान तेवढे हलायचे. दिगंबरराव दाणा द्यायचे, शाबास म्हणायचे, आणि कपाळावरचा घाम पुसायचे. अप्पा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, जमलं म्हणायचं.

तेवढ्यात पाइपापाशी रेटारेटी झाली. वहिनींची घागर भरली होती. कुणाचा तरी धक्का लागला, घागर कमरेवरनं सुटली आणि सगळं पाणी रस्त्यावर. धक्का कुणाचा ते सगळ्यांनी बघितलं होतं. दिगंबररावांनी नाही. ते साखळी टाकून तरातरा गेले आणि वहिनींवर ओरडले, अक्कल हाय का तुला, एक घागर संभाळता येत न्हाई! आणि हात उगारला. मारला नाही. पण उगारला, सगळ्या कॉलनीसमोर.

मी कुत्र्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे धावणार. ते धावलं नाही. जमिनीला पोट घासत घासत टँकरखाली गेलं, मागच्या चाकाला चिकटून बसलं आणि त्यानं तिथंच मुतलं.

पाणी संपलं होतं. ड्रायव्हरला पुढच्या गावाला जायचं होतं, त्यानं इंजिन चालू केलं. दिगंबरराव वाकले, अहो, या, म्हणाले, पण आवाजात राग तसाच. कुत्रं आणखी आत सरकलं. दाणे टाकले, त्यानं बघितलं नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. गाडी जरा हलली असती तर संपलंच असतं. तेव्हा काशिनाथअप्पा पुढं झाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, गाडी बंद कर, बाबा. दोन मिन्टं लागू दे न्हाई तर दोन घंटे.

दिगंबरराव खाली बसले. त्या चिखलात, धोतरासकट, पाठ टँकरच्या चाकाला टेकून. मी त्यांना पाठ टेकून बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अहो नाही, या नाही. खिशातही हात घातला नाही. बायका घागरी घेऊन उभ्या, कुणी हललं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग कुत्रं बाहेर आलं. पण त्यांच्याकडं गेलं नाही. दुसऱ्या बाजूनं निघालं, वळसा घालून वहिनींपाशी गेलं आणि त्यांच्या लुगड्यामागं जाऊन उभं राहिलं. वहिनी तशाच होत्या, मान खाली, रिकामी घागर पोटाशी धरलेली. दोघांचेही डोळे दिगंबररावांच्या हातांकडं होते. त्यांनी ते बघितलं. आधी कुत्र्याकडं बघितलं, मग वहिनींकडं, मग स्वतःच्या हातांकडं.

"तुझंबी असंच होतं काय गं?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी घागर आणखी घट्ट धरली. मला वाटलं, आता आत पळतील. पण त्या बोलल्या, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"होतं. तुमच्या चपला वाजल्या की होतं."

एवढंच. दिगंबरराव तोंड झाकून रडायला लागले. मोठा माणूस चिखलात बसून रडतोय, हे बघवत नाही. मीही रडले. काशिनाथअप्पांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि म्हणाले, कुत्रं राहू द्या राव, त्याचं काय चुकलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले ते माझ्या टेबलाजवळ येईपर्यंत कळलंच नाही. रबरी तळाच्या चपला घेतल्या होत्या. देवमाणूस झाले, असं मी म्हणणार नाही. स्वभाव का एका दिवसात जातो? भिंतीपलीकडनं ‘ए’ यायचंच. पण त्यापुढचं वाक्य यायचं नाही. मागचं दार उघडायचं, ते अंगणात जाऊन उभे राहायचे आणि मग परत येऊन काहीतरी दुसरंच बोलायचे. कधी ते अंगणात जायला विसरायचे, तेव्हा कुत्रं उठून लांब जाऊन बसायचं. ते गेलं की त्यांना कळायचं.

एकदा ऑफिसात दुपारी त्यांनी आपण होऊन विषय काढला. म्हणाले, "चूक दिसायला काई कष्ट लागत न्हाईत, बाई. ती आपोआप दिसती. बरं काय झालं ते बघायला तिथं थांबावं लागतं. मला थांबताच येत नव्हतं. जन्म गेला आणि हे कुणी सांगितलं न्हाई." पुन्हा म्हणाले, "कुत्र्याला शिकवणं सोपं हाय. त्याला मागचं आठवत असंल, पण ते बोलून दाखवत न्हाई." वहिनी बोलून दाखवायला लागल्या होत्या का, हे मी विचारलं नाही. माझ्या जिभेला मी एवढं एकदाच आवरलं असेल.

रिटायर झाल्यावर ते दोघं कुत्र्याला घेऊन कंधारला गेले. पुढं माझी बदली नांदेडला झाली. एकदा एका लग्नाला कंधारला गेले होते, तेव्हा पत्ता विचारत विचारत त्यांच्या गल्लीत शिरले. घर ओळखायची गरजच पडली नाही. लांबनं एका बाईचा खणखणीत आवाज येत होता. कुठं जाता ते सांगून जायचं का न्हाई, मी काय वाट बघत बसायची का, भाकरी गार झाली, तुमची ही रोजचीच तऱ्हा हाय. मी फाटकापाशी थांबले. वच्छलावहिनी कमरेवर हात ठेवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या. समोर दिगंबरराव, हातात भाजीची पिशवी, पाय सारखा हलत होता, पण जागेवरनं हलत नव्हते. मध्येच काहीतरी सांगायला तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, माझं होऊ द्या आधी. त्यांनी मिटलं.

दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर टायगर आडवा पसरला होता. तोंडावरचे केस पांढरे झालेले. वहिनींचा आवाज आणखी चढला, आणि त्यानं डोळासुद्धा उघडला नाही. मी आत गेले नाही, तशीच लग्नघराकडं वळले.